झाडाखालची ओल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाट वस्तीच्या मध्ये, दाना ओली आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास या परिसरात स्थिरावली आणि छावणीचंच गाव झालं. ‘लष्कर’ हे नाव तेव्हापासूनचं. छावणीबरोबर मराठी घरं आली, मराठी शब्दही आले. ‘दाना ओली’ म्हटलं की मराठी कानाला त्यात ‘ओळ’ ऐकू येते, दाण्याची ओळ. हिंदीच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि मग त्याच नावात आणखी एक शब्द ऐकू येऊ लागतो: ओल. कानाला झालेली ही जुळणी योगायोगाची असेल, पण जमिनीत ती खरी आहे. ग्वाल्हेर, मुरैना, भिंड या पट्ट्यात मोहरी आणि हरभरा पेरतात ते पाऊस उघडल्यावर. कुठे कालव्याचं, कुठे कूपनलिकेचं एखाद-दुसरं पाणी मिळतं. पण बी रुजतं आणि पहिलं मूळ खाली उतरतं ते पावसाळ्यानं मातीत ठेवून दिलेल्या ओलीवर. बाजारात आलेला दाणा हा मागच्या भाद्रपदाच्या ओलीचाच हिशेब असतो.

हे पुस्तक त्या ओलीबद्दल आहे, आणि तिच्या एका खास ठिकाणाबद्दल: माणसानं लावलेल्या झाडांच्या खालची जमीन.

आपण विहिरीच्या पाण्याबद्दल बोलतो, धरणाच्या टक्केवारीबद्दल बोलतो, पावसाच्या मिलिमीटरबद्दल तर रोज बोलतो. या तिघांच्या मधे असलेल्या पाण्याबद्दल फार थोडं बोलतो. ते वाहत नाही, उपसता येत नाही, दिसतही नाही. मातीच्या कणांना ते बिलगून राहतं. जगातली बहुतेक झाडं आणि कोरडवाहू पिकं याच पाण्यावर उभी आहेत, तरी पाण्याच्या चर्चेत त्याची नोंद शेवटी होते किंवा होतच नाही.

शेतकऱ्याच्या भाषेत मात्र त्याची नोंद फार बारकाईनं झाली आहे. पाणी वाहतं, साचतं, मुरतं, झिरपतं, पाझरतं. जमीन ओल धरते, ओल वर येते, ओल तुटते. पावसानंतर चिखल ओसरावा, ढेकूळ बोटांत सहज फुटावं, औताला माती चिकटू नये आणि तरी बी उगवण्याइतकं पाणी मातीत असावं, या नेमक्या घडीला ‘वाफसा’ म्हणतात. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निघून गेल्यावर माती स्वतःच्या बळावर जेवढं पाणी धरून ठेवते, त्या प्रमाणाची व्याख्या कॅलिफोर्नियातल्या वीहमायर आणि हेंड्रिक्सन यांनी १९३१ मध्ये केली. ती वाफशाच्या अगदी शेजारी बसते. खालच्या टोकाला दुसरी मर्यादा आहे: मुळांनी कितीही ओढलं तरी माती पाणी सोडत नाही आणि झाड मान टाकतं. या दोन मर्यादांच्या मधलं पाणी हीच झाडाची खरी शिल्लक. चांगल्या पोयट्याच्या एक मीटर जाड थरात ती साधारण १५० मिलिमीटर पावसाइतकी असते, वाळूत त्याच्या निम्मी, भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर, हे लक्षात घेतलं की या अदृश्य साठ्याचा आकार कळतो.

पाऊस पडला की हा साठा आपोआप भरतो असं वाटतं. झाडाखाली गोष्ट इतकी सरळ नसते.

पहिला वाटा पानांचा. दाट शेंडा एक-दोन मिलिमीटर पाणी अंगावरच धरतो आणि पाऊस थांबला की ते वाऱ्यावर उडून जातं. त्यामुळे हलक्या सरींच्या दिवशी उघड्या रानात ओल दिसते आणि झाडाखाली माती कोरडी राहते. संततधारेत हा वाटा किरकोळ ठरतो. उरलेलं पाणी काही खोडावरून ओघळून थेट मुळाशी जातं, बाकीचं पानांच्या टोकांवरून गळतं. गळणारा थेंबही सगळीकडे सारखा नसतो. सागाचं पान मोठं. त्यावर पाणी गोळा होऊन जाड थेंब पडतो, आणि उंचावरून पडणारा असा थेंब जमिनीला पावसाच्या साध्या थेंबापेक्षा जोरात ठोकतो. खाली पालापाचोळा असेल तर तो मार तिथेच विरतो. उन्हाळ्यात वणवा लावून पाचोळा जाळलेला असेल तर माती ठोकून घट्ट होते, वरची छिद्रं बुजतात आणि पाणी उतारानं चालू लागतं. एकच झाड, एकच पाऊस. ओल भरणार की माती वाहून जाणार हे खालच्या चार बोटांच्या पाचोळ्यावर ठरतं. सागाच्या लागवडीबद्दल बोलताना हा पाचोळा कुणी मोजत नाही, आणि या पुस्तकाला तो मोजला जायला हवा असं वाटतं.

पाणी जमिनीत शिरल्यावर ते उतरंडीतल्या मडक्यांसारखं वागतं. वरचा थर वाफशापर्यंत भरून ओसंडला की मगच खालच्या थराला काही मिळतं. म्हणून चांगल्या पावसानंतरही हातभर खोल खणलं तर अचानक एक रेघ लागते. वर काळसर ओली माती, खाली फिकट कोरडी. ही रेघ पावसाळाभर खाली सरकत असते. कधी ती चुकवून पाणी आडवाटेनं खोल जातं. कुजलेल्या मुळांच्या नळ्या, गांडुळांची बिळं, वाळवीनं पोखरलेली भोकं, काळ्या जमिनीच्या उन्हाळी भेगा या त्या आडवाटा. मृगाचा पहिला पाऊस भेगाळ रानात केव्हाच दोन हात खाली पोचलेला असतो आणि वरची माती अजून तहानलेली असते. जुन्या झाडांखाली अशा वाटा जास्त असतात. हे झाडाचं मोठं देणं आहे.

पण देणारं झाड पितंही. सगळा वाद इथूनच सुरू होतो.

या वादाचा इतिहास मराठी मुलखातूनही सांगता येतो. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोकणातल्या उघड्या पडलेल्या डोंगरांचा आणि आटलेल्या झऱ्यांचा संबंध त्यांनी जोडून दाखवला होता. झाडं पाणी धरून ठेवतात, रान म्हणजे एक मोठा स्पंज, ही समजूत त्या शतकात पक्की झाली आणि वनखात्याच्या उभारणीत ती वापरलीही गेली. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं मांडला. त्यांच्यासाठी मुख्य गोष्ट होती डोंगरावरून येणारं खतावलेलं पाणी, वाहून जाणारी माती, आणि ते पाणी शेतात जिरावं म्हणून घालायचे बांध. झाडांची संख्या त्यांच्या मांडणीच्या केंद्रात नाही. पाणी जिरणं आहे. आज वाचताना ही दृष्टी गिब्सनच्या दृष्टीपेक्षा जास्त आधुनिक वाटते.

मोजमाप मागून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या एमेंटाल भागात एक जंगलाचा आणि एक बव्हंशी कुरणाचा असे दोन ओढे शेजारी शेजारी मोजायला घेतले गेले. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वॅगन व्हील गॅप इथे १९१० ते १९२६ असा प्रयोग चालला: दोन पाणलोट काही वर्षं नुसते मोजायचे, मग एकातली झाडं तोडायची आणि फरक पाहायचा. दक्षिण आफ्रिकेत तेच उलट दिशेनं झालं, गवताळ डोंगरांवर पाइन लावून. या ‘जोड पाणलोट’ पंथाचं उत्तर स्पंजवाल्यांना आवडणारं नव्हतं. बॉश आणि ह्यूलेट यांनी १९८२ मध्ये अशा ९४ प्रयोगांचा आढावा घेतला. झाडं वाढली की ओढ्याचं वर्षाचं एकूण पाणी कमी होतं, हाच कल त्यांना दिसला. पाइन आणि निलगिरीच्या बाबतीत क्षेत्राच्या दर दहा टक्के वाढीमागे हा फरक सुमारे ४० मिलिमीटर होता. रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जगभरच्या लागवडींची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा ओढ्यांचा प्रवाह सरासरी निम्म्यानं घटलेला आढळला आणि तेरा टक्के ओढे किमान एक वर्ष पूर्ण कोरडे पडले होते.

मातीकडे खालून पाहणारा पंथ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच वेगळ्या वाटेनं वाढत होता, आणि त्यात पुणे-सोलापूरचा वाटा मोठा आहे. मांजरीच्या प्रक्षेत्रावर १९२३ पासून भारी जमिनींतल्या कोरडवाहू शेतीचा अभ्यास ताम्हणे यांनी सुरू केला, तो ना. वि. कानिटकरांनी पुढे नेला. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र उभं राहिलं आणि कानिटकरांचा भारतातल्या कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ १९४४ मध्ये निघाला. बांध, खोल नांगरट, वारंवार कुळवणी, विरळ पेरा: सगळ्याचा उद्देश एकच, पडलेला पाऊस मातीत उतरवायचा आणि उतरलेला उडू द्यायचा नाही. ही माणसं झाडांवर काम करत नव्हती. तरीही झाडाखालच्या ओलीचा विचार करताना त्यांचं ‘विरळ पेरा’ हे सूत्र पुन्हा पुन्हा आठवतं.

भारतात हा वाद निलगिरीच्या नावानं पेटला. १९८३ मध्ये कर्नाटकात तुमकुरकडे शेतकऱ्यांनी रोपवाटिकेतली निलगिरीची रोपं उपटून टाकली. त्यांचं म्हणणं साधं होतं: हे झाड आमचं पाणी पितं. वनखात्याचं म्हणणं होतं, पुरावा काय? पुरावा दोन ठिकाणांहून आला. उटीजवळ ग्लेनमॉर्गनला मृदा-जलसंधारण संशोधन केंद्रानं दोन शेजारी पाणलोट वर्षानुवर्षं मोजले. १९७२ मध्ये एकाच्या अर्ध्याहून थोड्या जास्त भागात निळी निलगिरी लावली. पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत त्या पाणलोटाचं पाणी सोळा टक्क्यांनी घटलं. झाडं तोडून बुंध्यांतून फुटवे आले, त्या दुसऱ्या फेरीत घट सुमारे पंचवीस टक्क्यांवर गेली.

दुसरा पुरावा जास्त बोलका आहे. इयान काल्डर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी कर्नाटकात अनेक ठिकाणी झाडांखालची माती खोलवर मोजली. जिथे माती सुमारे तीन मीटर होती तिथे निलगिरीनं स्थानिक पानझडी रानाइतकंच पाणी घेतलं, म्हणजे वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पडणारा जवळपास सगळा पाऊस. शेजारच्या नाचणीनं त्याच्या निम्मं. पण बेंगळुरूजवळ होसकोटेला माती आठ मीटरहून खोल होती. तिथे मोजणीच्या तीन कोरड्या वर्षांत पाऊस पडला २१०० मिलिमीटर आणि झाडांनी वापरलं, प्रतिमानाच्या अंदाजानुसार, ३४०० मिलिमीटर. वरचे १३०० मिलिमीटर आले कुठून? मातीतूनच, आधीच्या अनेक पावसाळ्यांनी खोल थरांत ठेवलेल्या ओलीतून. मुळं दर वर्षी आणखी खाली गेली आणि साठा उपसत गेली.

शेतकरी आणि वनखातं यांचा वाद या एका निकालात उलगडतो. ‘निलगिरी पाणी पिते का?’ हा प्रश्नच अपुरा होता. उथळ जमिनीत तिला पिण्यासारखं फारसं नसतं. खोल जमिनीत ती मागच्या पिढीचा साठा पिते. आणि झाडं काढल्यावर? आठ मीटर माती मीटरला १५० मिलिमीटरप्रमाणे रिकामी झाली तर १२०० मिलिमीटरची तूट होते. पुढचा पाऊस आधी ती तूट भरणार, उतरंडीतलं एकेक मडकं, आणि मगच भूजलाला थेंब मिळणार. तोवर विहिरी वाट पाहणार.

ग्वाल्हेरचा पाऊस होसकोटेच्याच तोलाचा, साधारण ८०० मिलिमीटर. माती मात्र एकाच पट्ट्यात दोन टोकांची. शहराच्या कडेच्या वालुकाश्माच्या टेकड्यांवर ती विताएवढी, आणि तिथे करधईचं रान पावसाआधीच्या दमट हवेतच हिरवं होतं असं लोक सांगतात. उत्तरेला चंबळच्या बाजूला गाळाची माती खोलच खोल, आणि तिलाच पावसानं चिरून लाखो हेक्टरांचं बीहड केलं आहे. हे बीहड थोपवायचे प्रयत्न जुने आहेत. यमुनेच्या बाजूला इटाव्यात फिशर नावाच्या कलेक्टरनं १८८० च्या दशकात बाभळीची लागवड करवली. स्वातंत्र्यानंतर आग्रा, कोटा आणि गुजरातेत वासद इथे घळींच्या अभ्यासासाठी केंद्रं उघडली. १९८० च्या दशकात तर चंबळच्या बीहडांवर विमानातून विलायती बाभळीच्या बिया टाकल्या गेल्या. धूप थांबवायची होती, झाड लवकर वाढायला हवं होतं, आणि ते वाढलं. त्या झाडाचं मूळ किती खोल जातं आणि घळीच्या काठावरच्या मोहरीच्या रानाची ओल ते कुठवर ओढतं, हे विचारायची तेव्हा कुणाला गरज वाटली नाही.

चीननं ही गरज उशिरा ओळखली, पण ओळखली. तिथल्या लोएस पठाराची माती चंबळच्या गाळासारखीच खोल, भुसभुशीत, घळी पाडणारी. १९९९ पासून तिथे शेतजमिनी मागे घेऊन प्रचंड प्रमाणात झाडं आणि गवत लावलं गेलं. पीत नदीतला गाळ घटला, डोंगर हिरवे झाले. हे यश खरंच मोठं आहे. पण तिथे लावलेल्या रॉबिनिया या झाडाच्या लागवडींखाली खणल्यावर संशोधकांना पावसाच्या रेघेच्या खाली एक कायमचा कोरडा थर सापडत गेला. वरून येणारी ओल तिथवर पोचतच नव्हती, वाटेतच पिऊन टाकली जात होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं इशारा दिला की या पठारावरची हिरवाई उपलब्ध पाण्याच्या मर्यादेला भिडत आली आहे. चंबळच्या काठी राहणाऱ्यानं हा अनुभव परका मानू नये.

मग झाडं लावूच नयेत का? सह्याद्रीचं उत्तर वेगळं आहे. उत्तर कन्नडच्या घाटांत जगदीश कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी नैसर्गिक रान, चराईनं तुडवलेली जमीन आणि ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवड अशा तीन प्रकारच्या पाणलोटांची तुलना केली. तुडवलेल्या जमिनीवरून पावसाचं पाणी लोंढ्यानं निघून गेलं. जमिनीत सर्वांत जास्त मुरलं ते रानात. मुसळधार पावसाच्या मुलखात झाड पितं त्याहून कितीतरी जास्त पाणी ते आत शिरू देतं, आणि हिशेब जमेकडे झुकतो. कमी पावसाच्या मुलखात तोच हिशेब खर्चाकडे झुकू शकतो. बुर्किना फासोमध्ये शेतांत विरळ झाडं असलेल्या रानाचा अभ्यास २०१६ मध्ये आला. झाड अजिबात नसलं तर पाणी शिरत नाही, दाटी झाली तर उरत नाही. मधल्या विरळ झाडोऱ्याखाली भूजलाला सर्वांत जास्त मिळतं, असा त्याचा निष्कर्ष. कानिटकरांचा विरळ पेरा इथे पुन्हा भेटतो. आपल्या बांधावरची बाभूळ, माळावरचा एकटा कडुलिंब, शेतात राखलेला आंबा यांच्यामागेही हीच समज असावी, असं मानायला जागा आहे.

मुळांचं काम तर अजून नव्यानं उलगडतं आहे. १९८७ मध्ये रिचर्ड्‌स आणि काल्डवेल यांनी दाखवलं की काही झुडपांची मुळं रात्री खोल थरांतलं पाणी वर आणून वरच्या कोरड्या मातीत सोडतात. म्हणजे झाडाखालची ओल फक्त वरून भरत नाही, खालूनही भरते. २०१० मध्ये ओरेगॉनच्या जंगलात पाण्यातल्या समस्थानिकांचा माग काढला, तेव्हा झाडं पीत होती ते घट्ट धरलेलं पाणी आणि ओढ्यात जाणारं पाणी वेगवेगळं निघालं. पाऊस मातीत शिरला की सगळा एकत्र मिसळतो, हे गृहीतच त्यानं हललं.

हा विषय आत्ताच मराठीत यावा याला कारण आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ ला एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला. २०१९ पर्यंत उद्दिष्ट तेहेतीस कोटींवर गेलं. मध्य प्रदेशात २ जुलै २०१७ ला नर्मदेच्या खोऱ्यात एकाच दिवशी सहा कोटींहून जास्त रोपं लावल्याची घोषणा झाली. या मोहिमांमागची तळमळ खरी आहे. पण मोजलं गेलं ते रोप. त्याखालची माती किती खोल, खाली मुरूम की गाळ, दोन रोपांत अंतर किती, पाचोळा राहणार की जळणार, हे प्रश्न मोजपट्टीबाहेर राहिले. दख्खनच्या माळावर हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असतो; तिथे मातीत साठणार फार तर साठ-सत्तर मिलिमीटर, बाकीचं फटींतून खाली जाणार किंवा वाहून जाणार. तिथे रोपाआधी सलग समतल चर हवेत. हिवरे बाजारनं ते आधी खोदले, मोकाट चराई आणि झाडतोड बंद केली, शेतीसाठी कूपनलिका घ्यायला मनाई केली, आणि मग दर वर्षी पावसाच्या आकड्यावरून पिकांचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, त्या गावाचं नाव झाडांसाठी घेतलं जातं. खरं तर ते हिशेबासाठी घ्यायला हवं.

या संग्रहातले लेख वेगवेगळ्या अभ्यासांतून आलेले आहेत. कुणी मातीच्या भौतिकशास्त्राकडून लिहितं, कुणी वनशेतीकडून, कुणी घळीच्या काठावर शेती करणाऱ्यांशी बोलून. त्यांची मतं सगळीकडे जुळत नाहीत, आणि ती जुळवून घ्यायचा प्रयत्न केलेला नाही; विलायती बाभळीबद्दल तर दोन लेख समोरासमोर उभे आहेत. सगळ्यांना एकत्र आणतो तो एक आग्रह: लागवडीचं यश वर मोजतो तसं खालीही मोजायचं. पुस्तकानं भाषा शेतातली ठेवली आहे. जिथे वाफसा म्हणून भागतं तिथे वाफसाच म्हटलं आहे. दख्खनचा मुरूम आणि चंबळचा गाळ या दोन जमिनी पुस्तकभर शेजारी ठेवल्या आहेत, कारण ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या घराण्यात त्या दोन्ही आहेत. एक पूर्वजांची, एक आजची.

मोजायला फार साधनं लागत नाहीत. दसऱ्यानंतर, पाऊस पुरता उघडल्यावर, एक खड्डा झाडांच्या दाटीत घ्यायचा आणि एक शंभर पावलांवरच्या उघड्या रानात. दर हातभर खोलीवर मूठभर माती डब्यात घट्ट बंद करायची, वजन करायचं, भट्टीत १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून पुन्हा वजन करायचं. गेलेलं वजन म्हणजे ओल. मग हाच उद्योग होळीच्या सुमारास, मोहरी कापणीला आलेली असताना, त्याच दोन जागांशेजारी पुन्हा करायचा आणि चारही रकाने एका कागदावर मांडायचे. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरे तक्ते जोडले आहेत.